कॅन्ससची पोरं

नेब्रास्कातून गाडी चालवायची म्हणजे तासन्‌तास मका बघायचा. महामार्गाला ना वळण, ना चढ. नॉर्थ प्लॅटला उतरलो तो रेल्वेपायी. युनियन पॅसिफिकचं बेली यार्ड इथं आहे, मालडबे जोडण्या-तोडण्याचं जगातलं सर्वांत मोठं आवार. गोल्डन स्पाइक टॉवरवरून बघताना नजर पुरत नाही. पण थक्क झालो ते खाली गावात, जिथं बघायला फारसं काही उरलेलंच नाही. जुनं स्टेशन १९७३ मध्ये पाडलं. आता त्या जागी एक स्मारक आहे, आणि लिंकन काउंटीच्या संग्रहालयात त्या स्टेशनातल्या कँटीनचा एक विभाग.

त्या कँटीनची गोष्ट अशी: पर्ल हार्बरवरचा हल्ला होऊन दहा दिवस झाले होते. गावात कुणकुण लागली, की नॅशनल गार्डची नेब्रास्काची ‘डी’ कंपनी, म्हणजे आपलीच पोरं, आगगाडीनं पश्चिमेकडे निघालीत. १७ डिसेंबर १९४१ ला शेकडो माणसं खाऊ आणि भेटी घेऊन फलाटावर ताटकळली. गाडी आली. कंपनी ‘डी’च होती, पण कॅन्ससची! आता काय करायचं? घरी परत न्यायचं? दिलं त्याच पोरांना. रे विल्सन नावाच्या २६ वर्षांच्या दुकान-सेविकेनं (तिचा भाऊ त्या नेब्रास्काच्या कंपनीत अधिकारी) लगेच वर्तमानपत्राला पत्र धाडलं, की इथून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं असंच स्वागत करू या. नाताळच्या दिवशी कँटीन सुरू झालं ते १ एप्रिल १९४६ ला बंद झालं.

गाडी थांबायची ती इंजिनात पाणी भरायला आणि वंगण घालायला. जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात शेकडो जवान धावत आत शिरणार, कॉफी पिणार, सँडविच उचलणार, पियानोभोवती एखादं गाणं म्हणून पुन्हा डब्यात. गाड्यांच्या वेळा लष्करी गुपित, त्यामुळे रेल्वेकडून सांकेतिक निरोप यायचा: कॉफीचं भांडं चढवलंय. की बायका कामाला लागल्या! सँडविचमध्ये शिवारातल्या फेझंट पक्ष्याचं मांस असे. ज्याचा वाढदिवस त्याला अख्खा केक. पाकात वळलेल्या पॉपकॉर्नच्या लाडवांत पोरी नाव-पत्त्याच्या चिठ्ठ्या सरकवत, त्यातून काही लग्नंही जमली. लष्करात तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. इथल्या टेबलावर मात्र सगळ्यांना सारखंच.

गाव जेमतेम १२ हजार वस्तीचं. येणारे दिवसाला तीन ते पाच हजार, एकूण सुमारे ६० लाख. साखर आणि पेट्रोल रेशनवर. सरकारी अनुदान शून्य. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पाच डॉलर पाठवले होते म्हणतात, ते धरायचे तर धरा. मग चाललं कसं? आसपासच्या सव्वाशे गावांनी पाळ्या लावून घेतल्या. ज्या गावाची पाळी, त्यानं अंडी, दूध, केक घेऊन पहाटेच निघायचं. घरची साखर वाचवून केक भाजायचे. असे ५५ हजार स्वयंसेवक. एका शेतकऱ्याच्या पोरानं तर गुरांच्या बाजारात अंगातला सदरा लिलावात काढला आणि पैसे कँटीनला दिले. मग एकामागून एक सदरे विकत सुटला.

मला खरी कमाल वाटते ती या पाळ्यांची. एका दिवसाचं औदार्य कुणालाही जमतं. आपल्याकडे दहा दिवसांच्या गणपतीत वर्गणीवरून मंडळं फुटतात; इथं सव्वाचार वर्षं पाळ्या चालल्या, आणि त्याही अशा पोरांसाठी, जी पुन्हा कधी नजरेला पडणार नव्हती. परतफेडीचा प्रश्नच नव्हता. कुणाचा मुलगा आघाडीवर होता, कुणाचा कामी आलेला. त्या घरच्या बायकाही कॉफी ओतायला उभ्या असत.

२०१८ च्या जूनमध्ये आर्कान्सा नॅशनल गार्डचे सुमारे सातशे सैनिक २१ बसगाड्यांतून प्रशिक्षण आटोपून घरी निघाले होते. वाटेत विसाव्याला हेच गाव धरलं. गावानं पुन्हा टेबलं मांडली आणि दोन दिवस सगळ्यांना जेवू घातलं. ही पोरंही नेब्रास्काची नव्हतीच. गावाला एव्हाना त्याची सवय झाली असावी.