सर्वांआधी पोहोचणाऱ्याचे सुतक

परभणी

चि. बाळास,


तुझे पत्र पावले. गंगाखेडच्या बाजूला फवारणीचे औषध प्यालेल्या तरुण शेतकऱ्याला १०८ च्या रुग्णवाहिकेत घेतल्यापासून तो रुग्णालयाच्या दारात गतप्राण होईपर्यंतचा वृत्तान्त तू लिहिला आहेस. त्यात नाडी, श्वास, ॲट्रोपिनची मात्रा आणि प्रत्येक टप्प्याची वेळ बिनचूक नोंदलेली आहे. आणि मग, जणू तो या पत्राचा विषयच नव्हे अशा रीतीने, शेवटच्या दोन ओळींत तू कळवतोस की त्या औषधाचा वास अजून नाकातून जात नाही, मध्यरात्री दचकून जाग येते आणि त्या वाटेवरचा कॉल आला की हातपाय गार पडतात. माझ्या लेखी त्या दोन ओळी हेच तुझे पत्र आहे आणि मी त्यांनाच उत्तर लिहीत आहे.

ज्या घरात मृत्यूने पाऊल टाकले त्या घरासाठी आपल्या समाजाने पूर्वापार काही बंदोबस्त करून ठेवला आहे. दहा दिवसांचे सुतक असते, चूल पेटत नाही, भावकीतले नि शेजारचे लोक पिठले-भाकरी घेऊन येतात, आणि रडणाऱ्याला ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार त्या मुदतीत कोणालाही नसतो. या रूढीतील विटाळाची कल्पना मला कधीच मान्य झाली नाही. परंतु शोकाला मुदत, जागा आणि सोबत नेमून देण्यात जे शहाणपण आहे त्याचा आदर मी आजन्म करीत आलो. आता ज्यांच्या वाट्याला मृत्यू नात्याने न येता कामगिरीने येतो त्यांचा विचार कर. रुग्णवाहिकेतला डॉक्टर व पायलट म्हणजे चालक, विहिरीतून प्रेत वर काढणारा माणूस, पंचनामा लिहिणारा हवालदार, सर्वांआधी खबर मिळणारा गावचा पोलीस पाटील, अग्निशमन दलाचा जवान, यांपैकी कोणालाही सुतक नाही. स्ट्रेचर धुऊन होते न होते तोच पुढचा कॉल आलेला असतो. समुपदेशन ही माझ्या मते या उणिवेवर आधुनिक काळाने काढलेली तजवीज आहे, आणि ती स्वीकारण्यात दुर्बलतेचा लवलेशही नाही.

ही तजवीज नव्हती तेव्हाचे सांगतो. किल्लारीचा भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे. लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली आणि आम्हा काही सरकारी डॉक्टरांना तिकडे रवाना होण्याचा हुकूम मिळाला. परतल्यावर हजेरी, औषधांचा हिशेब आणि प्रवासभत्ता यांची दप्तरे यथासांग पूर्ण झाली. मात्र ‘तुम्ही काय पाहिलेत आणि ते तुम्हांला कसे सोसते आहे’ असे विचारण्याची व्यवस्था कोठेच नव्हती. आमच्यातील एक सहकारी पुढे कित्येक वर्षे छताखाली झोपू शकला नाही. भर पावसाळ्यातही अंगणात बाज टाकी आणि घरच्यांना कारण सांगत नसे. त्याच्या त्या अबोल्याची आठवण मला हे पत्र लिहावयास लावीत आहे.

या विषयात सदिच्छा पुरेशी होत नाही, हेही ध्यानात ठेव. अग्निशमन दलात काम केलेल्या मिचेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली अशी पद्धत मांडली की, भीषण प्रसंगानंतर लवकरच पथकाला एकत्र बसवून प्रत्येकाकडून सारा अनुभव वदवून घ्यावा. ती जगभर पसरली. परंतु २००२ च्या सुमारास तिच्या परिणामांची शास्त्रीय छाननी झाली तेव्हा असे दिसले की, एकाच बैठकीत सारे बोलावयास लावल्याने पुढचा आघातजन्य विकार टळत नाही, क्वचित अपायही होतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत झोप, जेवण, विश्वासाचे माणूस आणि स्वेच्छेने जेवढे निघेल तेवढे बोलणे, एवढे पुरे. पुष्कळांचे मन या काळात आपसूक स्थिरावते. मात्र तीच दृश्ये, तीच टाळाटाळ, तीच दचक महिन्यापलीकडे टिकली, किंवा झोपेसाठी दारूचा आधार घ्यावासा वाटू लागला, तर तज्ज्ञाकडे गेलेच पाहिजे. आणि जगणेच नकोसे वाटले, तर त्याच घटकेला.

जायचे कोठे, हा तुझा खरा प्रश्न. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, आणि कर्नाटकातील बेळ्ळारीच्या प्रयोगाच्या धर्तीवर तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेण्यास १९९६ साली प्रारंभ झाला. त्या अन्वये जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो. तुझी अडचण मला कळते: ज्या दारातून तू रुग्ण आत नेतोस त्याच दारातून स्वतः रुग्ण म्हणून शिरायचे, आणि केसपेपर काढणाऱ्यापासून परिचारिकेपर्यंत सारे तुला नावाने ओळखणार! तेव्हा आरंभ १४४१६ या क्रमांकाने कर. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही ‘टेलि-मानस’ सेवा अहोरात्र आणि विनामूल्य आहे. मराठीत बोलता येते. समोरासमोर बसावेसे वाटले तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठ. औषध लिहून देण्याचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञाला. बोलण्यातून उपचार करणारा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचार. नोकरी करारावरची म्हणून तू धास्तावला आहेस. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने उपचाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क तुला दिला आहे आणि जीविताला धोका वगैरे मोजके अपवाद वगळता तुझ्या संमतीवाचून ती कोणालाही देता येत नाही.

आणखी एक. तुझ्यापाशी वैद्यकाची भाषा आहे, म्हणून निदान दोन ओळी तरी लिहिता आल्या. तुझ्या पायलटाने तोच वास घेतला, तेच शेवटचे श्वास पाठीमागून ऐकले आणि गाडी चालवली. त्याला चहाच्या टपरीवर नेऊन तुझी झोप मोडते हे आधी सांग, मग त्याची विचार. मराठवाडा-विदर्भाच्या १४ जिल्ह्यांत शासनाने ‘प्रेरणा’ प्रकल्प काढून शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस सुरू केली, ते उत्तमच झाले. त्या शेतकऱ्याला उचलून आणणाऱ्यांचीही विचारपूस व्हावी, ही मागणी आता तुम्हीच केली पाहिजे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ साली आपत्तीतील मनोसामाजिक साहाय्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांचा हवाला देऊन, सर्वांच्या सह्यांनिशी, अशा कॉलनंतर सक्तीची विश्रांती आणि जिल्ह्याबाहेरचा समुपदेशक मिळावा असा रीतसर अर्ज करा. मसुदा मी लिहून देतो. तो तयार होईपर्यंत तू आजच दूरध्वनी कर आणि केल्याचे मला कळव.



तुझा,
मामा