पाकिटातला ग्रुप

'बेंचरेस्ट' हा शब्द तुम्ही ऐकला नसेल तर काही बिघडत नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही ऐकला नव्हता. आता परिस्थिती अशी आहे की एप्रिल ते सप्टेंबर, दर महिन्यातला एक शनिवार मी पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावाबाहेर हातात डिजिटल कॅलिपर घेऊन कागदावरची भोकं मोजण्यात घालवतो. सांगलीत आईला हे अजून नीट पटलेलं नाही.

तर आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. नेमबाजी म्हटलं की आपल्याला आठवतो स्वप्नील कुसाळे. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा, २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलेला. त्या खेळात गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून गोळ्या मारायच्या असतात. सगळी कसोटी शरीराची. श्वास, हृदयाचे ठोके, थकलेला खांदा, हे सगळं काबूत ठेवायचं.

बेंचरेस्टमध्ये नेमकं उलट. इथे शरीर जेवढं बाजूला काढता येईल तेवढं काढायचं. समोर काँक्रीटचं टेबल. रायफलचा पुढचा भाग एका जड स्टँडवरच्या वाळूच्या पिशवीवर, मागचा भाग दुसऱ्या पिशवीवर. नेमबाज स्टुलावर बसतो, दुर्बिणीतून बघतो आणि चाप ओढतो. पाच गोळ्या. मग एकमेकींपासून सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजायचं. त्याला म्हणतात ग्रुप. ग्रुप जितका लहान तितका चांगला. संपला खेळ.

"मग यात माणूस काय करतो?" हा माझा पहिला प्रश्न. विचारला ऑफिसातल्या आजोबांना. (आजोबा म्हणजे आमच्या टीममधले साठी ओलांडलेले डेटाबेसवाले. नाव देत नाही, कारण ते ट्रान्स्लेटर लावून हे वाचतील.) आजोबांनी उत्तराऐवजी कागद काढला आणि हिशोब मांडला. अंतर ६०० यार्ड, म्हणजे साधारण ५४९ मीटर. गोळीला तिथे पोचायला लागतो पाऊण सेकंद. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला अडीच मीटरच्या आसपास खाली ओढतं. ते ठीक आहे, दुर्बीण तेवढी वर-खाली करता येते. पण आडवा वारा ताशी फक्त एका मैलाने बदलला तरी गोळी दोन-अडीच इंच सरकते. आणि काडतुसातली दारू थोडी कमी-जास्त पडून गोळीचा वेग सेकंदाला दहा मीटरने बदलला, तर भोक सहा सेंटिमीटर वर किंवा खाली! म्हणून ही मंडळी काडतुसं घरीच भरतात. एक-दोन मिलिग्रॅमचा फरक दाखवणाऱ्या काट्यावर दारू तोलतात. (बंदुकीची. गैरसमज नको.) आणि मैदानात ठिकठिकाणी लावलेल्या झेंड्यांकडे बघत वाट पाहतात. माणूस काय करतो? तर वाट पाहतो. वारा मघासारखा झाला की मारायचं, नाही झाला तर थांबायचं. डेडलाइन असताना थांबणं किती अवघड असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

या जगात एक मजेदार शब्द आहे: 'वॉलेट ग्रुप'. म्हणजे पाकिटात घालून मिरवायचा ग्रुप. जवळपास प्रत्येकाकडे एक असतो. कधीतरी एका सकाळी वारा पडलेला असताना पाच गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून गेल्या. तो कागद कापून घ्यायचा, पाकिटात ठेवायचा आणि पुढची दहा वर्षं "माझी रायफल अशी मारते" म्हणून दाखवायचा. खोटं कोणी बोलत नाही. कागद खराच असतो. फक्त त्या दिवशीचे बाकीचे नऊ कागद कचऱ्याच्या डब्यात गेलेले असतात.

आमच्या क्लबात सगळ्यांकडे पाकिटातले ग्रुप होते आणि स्पर्धा एकही नव्हती. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं आजोबांचं म्हणणं.

तसं पाहिलं तर पेन्सिल्व्हेनिया या खेळाचं माहेरच. १००० यार्ड बेंचरेस्टचा मूळ क्लब विल्यम्सपोर्टला १९६७ पासून आहे. पण १००० यार्ड म्हटलं की नवा माणूस बिचकतो, आणि खर्चही वाढतो. आमच्याकडे मोकळं मैदान होतं ६०० यार्डांचं, शेवटी उंच मातीचा बांध. आजोबांनी ठरवलं, इथेच सुरू करायचं. महिन्याला एक मॅच.

स्पर्धा सुरू करायची म्हणजे गोळ्या मारण्याचा भाग सर्वांत सोपा. खरं काम कागदावर. विमा, बांधामागच्या जमिनीची परवानगी, टार्गेट बदलायला माणसं पुढे जातील तेव्हाची शिस्त. रायफलींचे बोल्ट उघडे, चेंबरमध्ये रंगीत प्लास्टिकची झेंडी, बेंचपासून सगळे मागे. त्यातला एक नियम मला फार आवडला. गोळीबार थांबवायचा हुकूम कोणीही देऊ शकतो. पंच असो नाहीतर आज पहिल्यांदा आलेला पोरगा, 'सीझ फायर' असं ओरडला की सगळ्यांनी थांबायचं, कारण नंतर विचारायचं. आमच्या ऑफिसात रिलीज थांबवायला तीन मॅनेजरांची सही लागते.

नियम ठरवायला तीन सभा झाल्या. वातावरण डिट्टो सोसायटीच्या वार्षिक सभेचं. पार्किंगऐवजी रायफलीच्या वजनाची मर्यादा एवढाच फरक. ती शेवटी १७ पौंड ठरली, मोठ्या संघटनांच्या 'लाइट गन'ची तीच असते म्हणून. खरं भांडण पेटलं ते क्रॉसफायरवरून. क्रॉसफायर म्हणजे चुकून शेजाऱ्याच्या टार्गेटवर गोळी मारणं. आजोबांचा नियम कडक होता: ज्याने मारली त्याचं ते टार्गेट बाद, आणि त्या दिवशीची सरासरीही गेली. लोक म्हणाले, "आपण सगळे ओळखीचे, गंमत म्हणून खेळणार. एवढं कशाला?"

तेव्हा आजोबांनी १८७४ ची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर नावाचं मैदान आदल्याच वर्षी सुरू झालं होतं. आयर्लंडचा संघ तेव्हा जोरात होता, १८७३ साली विम्बल्डनला इंग्लंड-स्कॉटलंडला हरवून एल्को शील्ड जिंकलेला. त्यांनी अमेरिकेला आव्हान दिलं. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा अनुभव जवळपास शून्य, तरी न्यूयॉर्कच्या हौशी रायफल क्लबने ते स्वीकारलं. २६ सप्टेंबर १८७४. सहा-सहा जणांचे संघ. ८००, ९०० आणि १००० यार्ड, प्रत्येक अंतरावर माणशी पंधरा गोळ्या. मधल्या काळ्या भागाला चार गुण. आयर्लंडच्या मिल्नरने एक गोळी बरोबर मधोमध मारली... पण दुसऱ्याच टार्गेटवर! गुण शून्य. शेवटी अमेरिकेच्या कर्नल बोडाइनची एकच गोळी उरली, तेव्हा आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०. त्यात बोडाइनचा हात थोड्या वेळापूर्वी बाटली फुटून कापलेला. त्याने हाताला रुमाल गुंडाळला आणि मधोमध मारली. ९३४-९३१.

मिल्नरचे ते चार गुण धरले असते तर आयर्लंड ९३५. म्हणजे एका गुणाने जिंकले असते.

"ते चार गुण दिले असते," आजोबा म्हणाले, "तर आज दीडशे वर्षांनी ही मॅच कोणाला आठवली असती?" नियम पास झाला. (त्या क्रीडमूरच्या जागेवर आता मनोरुग्णालय आहे. आमच्या सभा बघता योग्यच म्हणायचं.)

आता या सगळ्यात माझं काम काय? मी चाप ओढत नाही. अमेरिकेत एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. अपवाद आहेत, शिकारीचा परवाना हा त्यातला एक. पण मी त्या वाटेला गेलो नाही. एक तर ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने कशाला नसती भानगड करावी? आणि दुसरं खरं कारण, मला बंदुकांचं प्रेम नाही. माझ्या टीमलीडची मुलगी पहिलीत आहे. शाळेत बंदूकवाला शिरला तर कपाटामागे गप्प कसं बसायचं याची तिला रंगीत तालीम देतात. ते तो लंच टेबलावर सांगत होता तेव्हा आजोबाही तिथेच होते. कोणी काही बोललं नाही. ते टेबल माझ्या डोक्यातून जात नाही, आणि शनिवारी मैदानावर जाताना मी ते घरी ठेवूनही जात नाही. एकदा आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "मला याचं उत्तर माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की माझ्या मैदानावर कोण येतो, आणि तो बोल्ट उघडा ठेवतो की नाही." उत्तर पुरेसं नाही. पण बनावटही नव्हतं.

म्हणून मी मोजतो. कॅलिपर, भिंग, लॅपटॉप. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं आणि गोळीचा व्यास वजा करायचा, की केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर मिळतं.

पहिल्या मॅचला अकरा जण आले. मला वाटलं होतं पाच येतील. तिसऱ्या फेरीची टार्गेटं माझ्या टेबलावर आली, आणि चार नंबरच्या कागदावर चारच भोकं. पाच नंबरवर सहा. पाच नंबरवर होती एक नर्स, आयुष्यात पहिल्यांदा स्पर्धेत उतरलेली. आणि चार नंबरवर होता क्लबातला सर्वांत नावाजलेला नेमबाज. टार्गेटच्या सगळ्या लोखंडी चौकटी त्यानेच स्वतः वेल्डिंग करून फुकट दिल्या होत्या. पाकिटातला ग्रुप तर असा की नवीन माणूस आला की लोकच त्याला म्हणायचे, "जरा दाखव रे."

टेबलाभोवती माणसं जमली. कोणी म्हणालं, परत मारू द्या. कोणी म्हणालं, पहिलीच मॅच आहे, सोडा. आजोबांनी काहीच म्हटलं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. मी बाहेरचा माणूस. माझ्या स्क्रीनवरचा चौकोन रिकामा, कर्सर लुकलुकतोय. हा माणूस दुखावला तर अर्धे लोक पुढच्या महिन्याला यायचे नाहीत, हे मलाही दिसत होतं. आणि सोडून दिलं तर पुढच्या महिन्याला यायचं कशाला, हेही दिसत होतं.

मी त्यालाच विचारलं, "किती मारल्या?" तो म्हणाला, "पाच." मी 'बाद' असं टाइप केलं. नर्सला, नियमाप्रमाणे, सहातल्या पाच भोकांचा सर्वांत लहान ग्रुप दिला. तो जेवायला थांबला नाही. ट्रकचा दरवाजा जरा जोरातच लागला.

दुसऱ्या मॅचला तो आला नाही. आठच जण होते. आजोबा दिवसभर गप्प. तिसऱ्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी मी झेंड्या लावायला गेलो तर त्याचा ट्रक उभा. तो चौकटींवर नवे नंबर बसवत होता. फूटभर उंच, पत्र्यातून कापलेले, सम आकडे पांढरे आणि विषम पिवळे. जुने नंबर लहान होते आणि दुर्बिणीतून चार आणि पाच एकाच रंगाचे दिसायचे, एवढंच तो म्हणाला. मी शिडी धरली.

मोसम संपल्यावर मी सगळ्यांची सरासरी काढली. पाच गोळ्यांचा एक ग्रुप म्हणजे फारच लहान नमुना, आणि त्यातही फक्त टोकाची दोन भोकं मोजायची. नशिबाला भरपूर जागा! बरेच ग्रुप एकत्र धरले की नशीब हळूहळू गळून पडतं. मोसमातला सर्वांत लहान ग्रुप ज्याचा होता तो सरासरीत पाचवा आला. पहिली आली ती नर्स. तिचा एकही ग्रुप पाकिटात ठेवण्याजोगा नाही. पण कचऱ्यात टाकण्याजोगाही एकही नाही. वारा पटला नाही की ती वेळ संपेपर्यंत थांबायची, बस्स.

सोमवारी ऑफिसात स्टेटस रिपोर्टसाठी स्लाइड बनवताना हात जरा थबकतो. आमच्या सर्व्हरचा 'रिस्पॉन्स टाइम' म्हणून आम्ही जो आकडा दाखवतो, तो रविवारी पहाटे कोणी नसतानाचा असतो. मी त्याच्या खाली आठवड्याची सरासरी लिहायला लागलोय. मॅनेजरला ते अजून आवडलेलं नाही. असो.

आईने परवा फोनवर विचारलं, "अरे, त्या बंदुकीच्या स्पर्धेत तुझा नंबर कितवा आला?" म्हटलं, आई, मी खेळत नाही, मोजतो. "मग ठीक आहे," ती म्हणाली, "पण नीट मोज हो. लोक लांबून येतात."

एप्रिलच्या मॅचसाठी आत्तापर्यंत चौदा नावं आली आहेत. तेवढे बेंच नाहीत, त्यामुळे या वेळी दोन गट करावे लागतील. त्यासाठी नियमांची चौथी सभा येत्या गुरुवारी.