डाव्या पायातली चप्पल

नाना मोरीत घसरून पडले ते गणपती उठल्याच्या दुसऱ्या दिवशी. वय 79. डोकं भिंतीवर आपटलं, टेंगूळ आलं, त्यावर हळद लावली. उलटी नाही, चक्कर नाही. आम्ही निर्धास्त झालो.

घटस्थापनेनंतर एके सकाळी अंगणातून आत येताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली. त्यांना पत्ताच नाही. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "तुझी आई दूध घेऊन आली का?" आईला जाऊन आठ वर्षं झालीत. "वय झालं आता," सगळे म्हणाले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच सांगून शक्तीच्या गोळ्या दिल्या, आणि मीही ते मानलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

धाकट्या बहिणीने मात्र सिटी स्कॅनचा हट्टच धरला. उजव्या बाजूला कवटीखाली चंद्रकोरीसारखा रक्ताचा थर दिसला. सर्जननी समजावलं: उतारवयात मेंदू थोडा आकसतो, त्याच्यावरून जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात, हलक्या धक्क्यानेही फाटतात. मोकळी जागा असल्याने रक्त आठवडेच्या आठवडे गुपचूप साठत राहतं. त्यात स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालूच होत्या.

कागदावर लिहिलं होतं, ग्लासगो स्केल 13. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 मध्ये मांडलेलं हे मोजमाप. डोळे, बोलणं, हालचाल मिळून जास्तीत जास्त 15. एक नातेवाईक म्हणाले, "या वयात कशाला कापाकापी?" मला संताप आला. सर्जननी काही लपवलं नाही: डोक्याच्या मारातून म्हातारी माणसं तरुणांपेक्षा कमी वाचतात, हे खरं. "पण हे जुनं, पातळ झालेलं रक्त आहे. दोन भोकं पाडून काढता येतं. नुसतं वय बघून सोडून द्यायची केस नाही ही."

नळीतून पिशवीत उतरलं ते गाडीच्या जुन्या ऑइलसारखं काळपट. आयसीयूत दोन रात्री नाना भ्रमात ओरडत होते, नळ्या उपसत होते, म्हणून हात बांधावे लागले. ते बघवत नव्हतं.

याला सहा महिने झाले. काठी आली, हिशेब गेले. मला कधी कधी काकाच्या नावाने हाक मारतात. आईबद्दल मात्र विचारत नाहीत. मागे पट्टा असलेली चप्पल आणली आहे. डाव्या पायाचा पट्टा दोनदा निसटतो. मी शेजारी बसून राहतो. तिसऱ्यांदा लागतो.