दूरचित्रवाणीपुढे बसलेला मुलगा

गेल्या आगमनकाळात एका रविवारी मी प्रवचनात तरुणांच्या रंगवलेल्या केसांवर आणि कानांतील डुलांवर बरेच बोललो. लोक मनमुराद हसले. मिस्सेनंतर गायकवृंदातील एका मुलाने माझ्या हाती पेन ड्राइव्ह ठेवला. "फादर, एवढं पाहा," इतकेच तो म्हणाला. त्याच्या केसांना निळसर छटा होती, ती मला तेव्हा कुठे दिसली.

तो टॉड हेन्स यांचा 'वेल्व्हेट गोल्डमाइन' हा १९९८ सालचा चित्रपट होता. १९७०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये 'ग्लॅम रॉक'ची लाट आली. पुरुष गायक ओठ रंगवून, अंगाला चमकी लावून, उंच टाचांचे बूट घालून रंगमंचावर येत. डेव्हिड बोवी त्यांतला अग्रणी. त्याने 'झिगी स्टारडस्ट' हे पात्र उभे केले आणि ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या रंगमंचावरूनच त्याला निरोप दिला. चित्रपटातील ब्रायन स्लेड काल्पनिक असला तरी बोवीची छाया लपत नाही. स्लेड स्वतःच्या खुनाचे नाटक रचतो, ते उघडकीस येते, चाहते पाठ फिरवतात. पुढे १९८४ साली आर्थर हा पत्रकार त्याचा शोध घेऊ लागतो. हा आर्थर एके काळचा त्याचा भक्तच.

काही दृश्ये मला पाहवली नाहीत, हे कबूल केले पाहिजे. कथाही मधूनमधून भरकटते. परंतु एक प्रसंग मनातून जाईना. किशोरवयीन आर्थर आईवडिलांसोबत दूरचित्रवाणीपुढे बसला आहे. पडद्यावर स्लेड पत्रकारांशी स्वतःविषयी निःसंकोच बोलत आहे. आर्थर ताडकन उठतो आणि तो मीच आहे, असे वडिलांना ओरडून सांगतो. पण हे सारे त्याच्या मनात. प्रत्यक्षात तो जागचा हलतही नाही. माझ्या प्रवचनावर लोक हसत होते, तेव्हा तो मुलगा ऑर्गनजवळ असाच बसला असेल.

चित्रपटाच्या आरंभी ऑस्कर वाइल्ड बालरूपात येतो. या गायकांचा जणू तो पूर्वज. त्याचा अंत मात्र चित्रपटात नाही. तुरुंगवास भोगून निर्धन झालेला वाइल्ड नोव्हेंबर १९००मध्ये पॅरिसला मृत्युशय्येवर होता. मित्र रॉबर्ट रॉस याने फादर कथबर्ट डन या आयरिश धर्मगुरूंना बोलावून आणले. वाइल्डला नीट बोलताही येत नव्हते. फादरांनी त्याला स्नानसंस्कार आणि रुग्णाभ्यंग दिला. दुसऱ्या दिवशी तो गेला. ही हकिकत मी आजवर किती वेळा अभिमानाने सांगितली आहे!

पेन ड्राइव्ह परत करायला मी त्याच्या घरी गेलो. वडील ओटीवर बातम्या पाहत होते. त्यांनी हाक मारताच तो बाहेर आला. केस अगदी बारीक कापलेले.

"पाहिलात, फादर?"

"पाहिला. दूरचित्रवाणीचा तो प्रसंग दोनदा पाहिला."

त्याने एकवार वडिलांकडे पाहिले आणि पाणी आणायला आत गेला. मी खुर्ची ओढून बसलो.