पाठमोऱ्या माणसांचा अल्बम

तुम्हाला म्हणून सांगते, मी काढलेल्या फोटोंमधली निम्मी माणसं पाठमोरी असायची. उरलेली आपल्याच नादात. लोकलमध्ये डुलक्या काढणारी, मोबाइलवर तावातावाने बोलणारी... कॅमेऱ्याकडे बघणारं एकही नाही. मित्रमंडळी म्हणायची, 'वा, काय कॅन्डिड आहे!' मीही मान डोलवायचे. कॅन्डिड-बिन्डिड काही नाही हो, 'तुमचा फोटो काढू का?' एवढं विचारायची हिंमत नव्हती, बस्स.

मास कॉमला होमाई व्यारावाला शिकलो होतो. १९१३ चा जन्म, मुंबईच्या जे. जे. मधलं शिक्षण, देशातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर. त्यांच्या रोलीफ्लेक्सला झूम नव्हती. चेहरा मोठा हवा, तर स्वतः चार पावलं पुढे जायचं. परीक्षेत मी यावर पानभर लिहिलं आणि पहिल्या बऱ्यापैकी चेकमधून काय घेतलं? २५० एमएमची झूम लेन्स!

जानेवारी २०१९. वर्सोव्याचा कोळी सी-फूड फेस्टिवल. २००६ पासून वेसावे गावातले कोळी लोक तो भरवत आले. लुगडं, अंगभर सोनं, डोक्यात वेणी अशा थाटात बायका तव्यासमोर उभ्या, समोर खाणाऱ्यांची ही गर्दी. एका मासिकाला त्या बायकांचे पोर्ट्रेट्स हवे होते. पोर्ट्रेट्स. पाठी नव्हेत.

तासभर मी एका खांबाआडून झूम लावून उभी. बोंबील तळणाऱ्या एका मावशींचे चाळीसेक फोटो काढले असतील. तेवढ्यात त्यांनी झाऱ्यानेच मला खूण केली.

'काय गो पोरी, मघापासून बघते. लांबून काय काढतेस? जवळ ये ना!'

पळून जावंसं वाटलं. पण पाय त्यांच्या दिशेने निघाले होते. लेन्स बदलली, ५० एमएम लावली. ती लावली की माणसापासून दोन-अडीच हातांवरच उभं राहावं लागतं. घशाला कोरड. 'मावशी, तुमचा एक फोटो काढू का?' हे वाक्य म्हणायला तीन सेकंद लागतात. मला ते शिकायला चार वर्षं लागली होती.

मावशींनी वेणी सारखी केली, हार पदरावर घेतला आणि शाळेच्या आयकार्डावर बसतो तशा ताठ झाल्या. मी क्लिक केलं. मग त्या मला विसरल्या. एक गिऱ्हाईक घासाघीस करत होतं, त्याला त्यांनी असा काही झाडला की बास! तोही फोटो घेतला. सॉलिड आला. प्रिंट आणून द्यायचं कबूल करून निघाले.

घरी येऊन खांबाआडचे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. जवळजवळ प्रत्येकात मावशी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडेच बघत होत्या. म्हणजे लपलेय असं फक्त मलाच वाटत होतं!

प्रिंट द्यायला जायला मी महिना लावला. (विचारण्याची भीती गेली, परत जाण्याची राहिलीच होती.) मावशी मासळी बाजारात बसतात, ते मला ठाऊक होतं. दोन्ही प्रिंट्स त्यांच्या हातात दिल्या. ताठ बसलेला फोटो त्यांनी पदराला हात पुसून नीट पिशवीत ठेवला. भांडणाचा मला परत दिला. 'हा नको. यात मी कशी दिसते बघ.'

माझ्या पोटात गोळा. मासिकात नेमका तोच आला होता, पानभर, आणि अंक माझ्या बॅगेत होता.

तो बाहेर काढायला मला फोटो विचारण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मावशींनी बराच वेळ पान बघितलं, शेजारणीला दाखवलं. ती खो खो हसली, या नाही हसल्या.

'पुढच्या वेळी आधी दाखवायचा,' त्या म्हणाल्या. मग बोंबलाचा एक वाटा बांधून दिला आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.