भिंतीमागची माणसं

"तू तिथे नेमकं करतोस तरी काय?"

अब्बांनी हा प्रश्न मला 1996 साली विचारला. आखातातल्या एका शहरात दोन वर्षं नोकरी करून मी पहिल्या सुट्टीवर गावी आलो होतो. पत्रांतून मी घरी एवढंच कळवत असे, की तब्येत ठीक आहे, मशीनवर काम आहे, पैसे पाठवले आहेत. मशीन कसलं, ते कधी लिहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला थोडी लाज वाटत असे. आमच्या मोहल्ल्यातली मुलं तेलाच्या कंपनीत, इस्पितळात, बँकेत लागली होती. मी रत्नागिरीच्या आयटीआयमधून फिटर झालो, आणि लागलो तो बोलिंगच्या हॉलमध्ये. लोक गोळे घरंगळवून लाकडी बाटल्या पाडतात आणि त्या पुन्हा उभ्या करणारी मशिनं मी दुरुस्त करतो, हे गावात कसं सांगायचं?

अम्माची काळजी वेगळी होती. खेळाच्या जागेतली कमाई हलाल की हराम, हे तिला कळत नव्हतं. तिथे जुगार चालतो असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. मी तिला समजावलं, की पैज नाही की दारू नाही. लोक भाडं भरतात, बायकामुलांसह येतात, तासभर खेळून जातात, आणि मला पगार मिळतो तो माझ्या हातांचा. तिचं समाधान झालं. अब्बांचं मात्र झालं नाही, कारण ते स्वतः मशीनवाले. उभी हयात त्यांनी मालवाहू बोटींच्या इंजिनखान्यात तेलवाला म्हणून काढली होती. मशीन म्हटलं की ते कसं चालतं हे कळल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे.

मग पडवीतच मी दहा काजूबिया त्रिकोणात मांडल्या, पुढे एक, मागे दोन, मग तीन, मग चार. एक लिंबू घेतलं आणि सांगायला बसलो.

गोळा टाकायच्या रेषेपासून पहिली पिन साठ फुटांवर. पिन पंधरा इंच उंच, वजनाला दीड किलोच्या वर. गोळा जास्तीत जास्त सोळा पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोचा. खेळणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की गोळा गेला, पिना पडल्या, वरून एक पडदा आहे त्याच्या आड काहीतरी खडखडलं आणि पिना पुन्हा जागेवर आल्या. त्या खडखडाटात काय होतं? गोळा मागच्या खड्ड्यात जाऊन गादीवर आदळतो. त्याच क्षणी पुढून एक आडवी फळी खाली येते, म्हणजे कुणी चुकून दुसरा गोळा टाकलाच तर मशीन वाचावं. मग वरून टेबल उतरतं. ज्या पिना पडल्या नाहीत त्यांच्या माना टेबलाचे चिमटे धरतात आणि त्यांना अलगद वर उचलतात. फळी पडलेल्या पिना मागे लोटते. टेबल पुन्हा खाली येऊन उचललेल्या पिना होत्या तिथेच ठेवतं. एखादी पिन धक्क्याने दोन बोटं सरकलेली असेल, तर ती सरकलेल्या जागीच ठेवायची, हा खेळाचा नियम आहे आणि मशीन तो पाळतं.

खड्ड्यात सतत फिरणारा एक पट्टा असतो. तो पडलेल्या पिना मागे नेतो. तिथे मोठं उभं चाक असतं, त्याच्या कप्प्यांत बसून पिना वर जातात आणि वरून एकेक करून दहा खणांत वाटल्या जातात. एका मशीनमध्ये पिनांचे दोन संच असतात, वीस-एकवीस पिना. एक संच लेनवर उभा असतो, तेव्हा दुसरा वर तयार होत असतो. गोळा वेगळ्या दारातून निघून लेनच्या खालच्या वाटेने खेळणाऱ्याकडे परत जातो. सगळं मिळून काही सेकंदांचं काम.

अब्बांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी बोलले. पहिली, "म्हणजे तूही माझ्यासारखाच. वर लोक हवा खात उभे, आणि आपण खाली तेलात." दुसरी, "एक लक्षात ठेव. मशीन बंद केल्याशिवाय आत हात घालायचा नाही. कप्तान सांगो, नाहीतर खुद्द मालक." मग सहज विचारावं तसं विचारलं, "आणि हे मशीन नव्हतं, तेव्हा पिना कोण उभ्या करायचं?"

मला माहीत नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या मुलाने संगणकावर काही जुने फोटो दाखवले, तेव्हा उत्तर मिळालं.

पिना मुलं उभ्या करायची. अमेरिकेत त्यांना पिनबॉय म्हणत. खड्ड्याच्या वरच्या कठड्यावर मुलगा पाय वर घेऊन बसायचा. गोळा येऊन आदळला की खाली उडी मारायची, जड गोळा उचलून उताराच्या लाकडी पन्हळीवर ठेवून परत धाडायचा, पडलेल्या पिना गोळा करून जागच्या जागी उभ्या करायच्या आणि पुढचा गोळा यायच्या आत पुन्हा वर चढून बसायचं. पिना उडून नडगीवर लागत. पुढे लोखंडी साचा आला, त्यात पिना टाकून तरफ खाली ओढली की दहाही पिना एकदम उभ्या राहत. तरी खड्ड्यात मुलगा होताच.

लुईस हाइन नावाचा छायाचित्रकार बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या समितीसाठी अमेरिकाभर हिंडून फोटो काढत होता. त्याचा 1910 सालचा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला एक फोटो आहे. रात्रीचा एक वाजलेला आणि बोलिंगच्या हॉलमध्ये कामावर असलेली मुलं. हाइनने फोटोखाली नोंद करून ठेवली आहे, की याहून लहान तीन मुलं तिथे होती, पण मालकाने त्यांना फोटोत येऊ दिलं नाही. फोटोत जी मुलं आहेत, त्यांच्यापेक्षा त्या न दिसणाऱ्या तिघांकडेच माझं मन राहिलं. त्याचं कारण पुढे सांगतो.

मुलांच्या जागी मशीन आणायची कल्पना ज्याच्या डोक्यात पक्की बसली, तो गॉटफ्रीड श्मिट नावाचा माणूस न्यूयॉर्क राज्यातला. 1930 च्या दशकात तो या खटपटीला लागला. पिना हवेच्या ओढीने उचलाव्यात, हा त्याच्या पहिल्या प्रयोगांतला विचार. त्याचे हक्क अमेरिकन मशीन अँड फाउंड्री, म्हणजे एएमएफ, या कंपनीने घेतले. ही कंपनी मूळची विड्या-सिगारेटी वळणारी यंत्रं बनवणारी. दुसऱ्या महायुद्धात पिना लावायला मुलं मिळेनाशी झाली, तेव्हा या मशीनची गरज सगळ्यांनाच कळली. 1946 साली बफेलो शहरातल्या मोठ्या स्पर्धेच्या वेळी ते लोकांना दाखवलं गेलं आणि 1952 साली बाजारात आलं. कंपनी मशीन विकत नसे, भाड्याने देई आणि जेवढे खेळ होतील त्या हिशेबाने पैसे घेई. त्यानंतर चार-पाच वर्षांत ब्रन्सविक या जुन्या कंपनीनेही आपलं मशीन आणलं. काही वर्षांतच मोठ्या हॉलमधले खड्डे मुलांपासून रिकामे झाले.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या बोलिंगच्या मुख्य संघटनेने 1916 पासून सभासद फक्त गोरे पुरुषच असतील असा नियम ठेवला होता. तो 1950 साली, कामगार संघटना आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांनी रेटा लावल्यावर गेला. म्हणजे इतकी वर्षं काळा मुलगा खड्ड्यात उतरून पिना उभ्या करू शकत होता, पण भिंतीच्या पुढच्या बाजूला येऊन संघटनेच्या स्पर्धेत गोळा टाकू शकत नव्हता. नियम गेला तरी सगळी दारं उघडली नाहीत. 1968 च्या फेब्रुवारीत साउथ कॅरोलायनातल्या ऑरेंजबर्ग गावी एका बोलिंग हॉलमध्ये काळ्यांना खेळू देत नाहीत म्हणून विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली, आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन तरुण गेले. ज्या खेळाला मी पोरखेळ समजून लाजत होतो, त्याच्या दारात माणसं मेली होती.

आता त्या न दिसणाऱ्या तीन मुलांकडे वळतो.

2003 सालची रमजान ईद. ईदच्या दिवसांत आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. मागच्या बाजूला आम्ही दोघंच, मी आणि बांगलादेशातल्या एका खेड्यातून आलेला माझा मदतनीस. विशीतला पोरगा. सकाळी ईदची नमाज आम्ही एकाच सफीत पढलो होतो. त्याने आणलेल्या शेवया दुपारी मशिनांमागे बसून खाल्ल्या होत्या. संध्याकाळी बारा नंबरच्या लेनचं मशीन अडलं. उभ्या चाकात पिन आडवी बसली होती. रीत अशी, की आधी बटण बंद करायचं, मग प्लग काढायचा, आणि मगच हात घालायचा. नंतर पुन्हा सुरू करून जुळवून घ्यायला दोन-तीन मिनिटं जातात. पुढून फोनवर फोन येत होते, लोक खोळंबलेत, मॅनेजर चिडलाय. मी दुसऱ्या मशीनमध्ये कोपरापर्यंत ग्रीसमध्ये होतो. मी ओरडून त्याला म्हणालो, "बंद करत बसू नको. ओढून काढ पटकन."

त्याने माझं ऐकलं. पिन सुटली आणि ताणून थांबलेलं चाक फिरलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तो ओरडला ते पुढे कुणालाही ऐकू गेलं नाही. पुढे गाणी चालू होती, पिना पडत होत्या, मुलं टाळ्या पिटत होती. त्याला इस्पितळात नेलं. वीस मिनिटांत बारा नंबरची लेन पुन्हा सुरू झाली. चाक पुसून ती मीच सुरू केली.

चार दिवसांनी ऑफिसात कागद तयार होता. कामगाराने स्वतःच्या निष्काळजीपणाने मशीन बंद न करता हात घातला, असं त्यात लिहिलं होतं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. घरी बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि माझा व्हिसा त्याच मालकाच्या हातात होता. मी सही केली. त्याला तिकीट आणि थोडे पैसे देऊन परत पाठवलं. जाताना तो मला भेटायला आला, डावा हात पुढे केला आणि म्हणाला, "दुआ में याद रखना, भाई." मी कशावर सही केली होती ते त्याला ठाऊक होतं की नाही, हे मला आजही कळलेलं नाही. पुढे मी त्याने दिलेल्या नंबरवर फोन केले, पण नंबर बंद होता.

खोटी साक्ष हा आपल्याकडे किती मोठा गुन्हा मानला आहे, हे वाचकांना मी सांगायला नको. अम्माला वाटत होतं, माझ्या कमाईत खेळाची जागा हराम ठरेल. जागेत काही खोट नव्हती. खोट त्या सहीत होती. ब्रुकलिनच्या मालकाने तीन मुलांना फोटोतून बाहेर ठेवलं. मी एका पोराचं खरं कागदातून बाहेर ठेवलं. अब्बा 2011 साली गेले. त्यांना हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

2016 साली मी कायमचा गावी परतलो. माझा भाचा अजून तिथेच, त्याच कामावर आहे. गेल्या वर्षी त्याचा निरोप आला, "मामू, तुमची मशिनं काढली. दोऱ्यांची आणली." नव्या मशीनमध्ये प्रत्येक पिनेच्या डोक्याला दोरी बांधलेली असते. पडली की दोरी तिला वर ओढते आणि पुन्हा जागेवर सोडते. चाक नाही, पट्टा नाही, खण नाहीत. सुटे भाग थोडे, वीज थोडी, माणसंही थोडी. 2023 साली अमेरिकेच्या बोलिंग संघटनेने अशा दोरीच्या पिनांच्या खेळाला वेगळा प्रकार म्हणून मान्यताही दिली. जुने खेळाडू कुरकुरतात, पिना पूर्वीसारख्या पडत नाहीत म्हणतात. मालक खूश आहेत.

दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. माझी वीस वर्षांहून जास्त विद्या भंगारात गेली, हे दुःख होतंच. पण मग वाटलं, श्मिटच्या मशीनने मुलांना खड्ड्यातून बाहेर काढलं ते चांगलंच झालं, तर ज्या चाकात त्या पोराची बोटं गेली ते चाक दोरीने घालवलं याचं वाईट का वाटून घ्यायचं? वाईट दुसऱ्या गोष्टीचं वाटतं. मुलं गेली तेव्हा ती कुठे गेली, हे कुणी फारसं विचारलं नाही. आता मेकॅनिक जातील, तेव्हाही विचारणार नाही. मशीन बदललं की भिंतीमागचा माणूस बदलतो किंवा घरी जातो. तो तिथे होता ही नोंद कुणीतरी ठेवायला हवी, आणि ती खरी असायला हवी.

म्हणून हे लिहिलं. त्या पोराचं नाव मी इथे देत नाही. त्याने मला परवानगी दिलेली नाही, आणि ती मागायला तो मला सापडला नाही. एवढंच लिहून ठेवतो, की त्या संध्याकाळी त्याने निष्काळजीपणा केला नव्हता. मशीन बंद करू नको असं मी त्याला सांगितलं होतं.

भाच्याला मी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. मशीन कुठलंही असो, दोरीचं की चाकाचं, बंद केल्याशिवाय आत हात घालू नको. आणि जे घडलं तेच लिहिलं असेल, तरच कागदावर सही कर. पहिली गोष्ट त्याच्या नानांची आहे. दुसरी माझी.