एका दिवसापुरतं वाचन

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या माणसाला संध्याकाळ सगळ्यात अवघड. कामावरून सुटायची वेळ, नेहमीचा रस्ता, नेहमीची माणसं. तलफ येते, चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. कुणी फोन करतं, कुणी चालायला जातं, कुणी पुस्तक उघडतं.

*

पुस्तकाआधी डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्यातून बाहेर आल्यावरही वाचन लगेच जमत नाही. झोप उडालेली असते, ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरते. अशा वेळी घरचे प्रेमाने जाडजूड प्रेरणादायी चरित्र आणून देतात. ते वाचून होत नाही आणि आपल्याला एवढंही जमत नाही, असं त्याला वाटत राहतं. एक पान पुरे.

*

हे स्वतः दारूतून बाहेर पडलेल्यांना नेमकं कळलं होतं. अमेरिकेतल्या रिचमंड वॉकर यांनी ‘ट्वेंटी-फोर अवर्स अ डे’ लिहिलं ते तारीखवार. प्रत्येक दिवसाला एक छोटं पान: एक विचार, थोडं मनन, एक प्रार्थना. 1954 पासून हेझल्डन ही संस्था ते छापू लागली. ड्रग्ज सोडणाऱ्यांच्या नार्कोटिक्स अनॉनिमस या संघटनेचं ‘जस्ट फॉर टुडे’ही तसंच. उद्याचं पान उद्या.

आपल्याकडे माळकऱ्याचा हरिपाठ असाच आहे. रोज तेवढाच, ठरलेला, दिवेलागणीला. माळ घातली की दारू सुटते हे गावोगाव सांगतात. श्रद्धेचा वाटा मोठा आहेच. पण नेमक्या त्या घातक वेळेला तोंड आणि मन गुंतलेलं राहतं, हेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

*

डिसेंबर 1934. न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये बिल विल्सन दारू सोडण्यासाठी भरती होता. तिथे त्याच्या हाती विल्यम जेम्स यांचं 1902 सालचं ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पीरियन्स’ आलं. जड पुस्तक, मुळात विद्यापीठातली व्याख्यानं. पण जेम्सनी त्यात खचलेल्या, हरलेल्या माणसांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत दिले होते. बिल त्यानंतर प्यायला नाही. 1935 मध्ये अ‍ॅक्रनला त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी भेट झाली आणि पुढे 1939 मध्ये ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ हे पुस्तक निघालं. त्या दोघांनी उभ्या केलेल्या, दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेला नाव मिळालं ते या पुस्तकावरून. जाड कागदावर छापल्याने ते ‘बिग बुक’ झालं.

त्याच्या पूर्वार्धात बारा पायऱ्या आहेत, उत्तरार्धात माणसांच्या कहाण्या. पायऱ्या मीटिंगमध्ये समजून घ्याव्यात. एकट्याने, रात्री, कहाण्याच वाचाव्यात. उपदेश घरात रोज ऐकून झालेला असतो. ‘मीही असंच खोटं बोललो’ हे मात्र घरात कुणीच म्हणू शकत नाही.

दारूतून बाहेर पडू पाहणाऱ्या मार्टी मान हिला या पुस्तकाचं हस्तलिखित तिच्या डॉक्टरांनी, हॅरी टीबाउट यांनी, उपचार चालू असताना वाचायला दिलं. तिला ते आधी पटलं नाही. पुढे तिचीच कहाणी त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत आली. बायका पितात हे तोंडातून काढायचीही लाज होती तेव्हा. आपल्याकडे अजून आहे. पिणाऱ्या मराठी बाईने स्वतः सांगितलेली कहाणी मी शोधते आहे.

*

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही वाचनातूनच उभं राहिलं. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे पुढे केले आणि 1986 मध्ये केंद्र सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचटांनी ते घडवलं. अवचटांचं ‘मुक्तांगणची गोष्ट’ मी पेशंटच्या आधी त्याच्या बायकोच्या हाती देईन. तिलाही काही हवं असतं, आणि तिच्यासाठी कुणी पुस्तक आणत नाही.

*

‘एकच प्याला’ मात्र या काळात देऊ नये. गडकऱ्यांचं हे नाटक 1919 मध्ये रंगभूमीवर आलं आणि कितीतरी घरांना त्याने सावध केलं असेल. पण त्यातल्या दारूत बुडालेल्या सुधाकराला परतीची वाट नाही. नुकतंच सोडलेल्या माणसाला असं वाचायचं असतं, की स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलं गेलं, तरी परत येता येतं. तीव्र व्यसनात स्लिप होणं अनेकांच्या वाट्याला येतं. ते लपवणारं पुस्तक खोटं, आणि तिथेच संपवणारं पुस्तक आत्ता त्याच्या उपयोगाचं नाही.

*

अनेकांना वाचता येत नाही, किंवा शाळा सुटल्यावर सवय गेलेली असते. म्हणून मोठ्याने वाचावं. मीटिंगमध्ये एक परिच्छेद एकाने, पुढचा दुसऱ्याने. कुणी अडखळलं तर शेजारच्याने शब्द पुरवावा, दुरुस्त करू नये.

*

केंद्रांना पुस्तकं देणाऱ्यांसाठी: घरातली रद्दी नको. लहान प्रकरणांची, माणसांनी स्वतःबद्दल खरं लिहिलेली पुस्तकं द्या. टाइप मोठा बघा. काही औषधांनी सुरुवातीला अंधुक दिसतं. एका पुस्तकाच्या दोन प्रती द्या, म्हणजे घरी जाणाऱ्याला एक सोबत नेता येईल.